कामाच्या ठिकाणी ठामपणे बोलताना : इंदूरकरांचे अनुभव

घरात मराठी, बाजारात इंदुरी हिंदी, मीटिंगमध्ये इंग्रजी. तिन्ही भाषा आपल्याला चांगल्या येतात. तरी ऑफिसात महत्त्वाचं बोलायची वेळ आली की आपल्यातली भली हुशार माणसं आवाज उतरवतात, "नाही म्हणजे, मला आपलं वाटलं" अशी सुरुवात करतात, आणि तोच मुद्दा थोड्या वेळाने दुसरंच कुणी ठासून मांडून जातं. मला हे मनापासून खुपतं, म्हणून हा धागा. नुसते सल्ले नकोत. तुम्ही कुणाला, कुठल्या शब्दांत काय म्हणालात आणि पुढे काय झालं, ते लिहा. माणसांची आणि कंपन्यांची नावं टाळा.

स्टाफ नर्स, सर्जरी वॉर्ड

रात्रपाळीत वरिष्ठ डॉक्टरांना झोपेतून उठवणं ही आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. "सर, पेशंट जरा ठीक वाटत नाहीये" म्हटलं तर पलीकडून "लक्ष ठेवा" एवढंच येतं, आणि त्यात डॉक्टरांचा तरी काय दोष? त्यांना काहीच कळलेलं नसतं. आम्हाला प्रशिक्षणात 'एसबार' शिकवलं. आत्ता काय झालंय, थोडक्यात पार्श्वभूमी, माझा अंदाज, आणि मला तुमच्याकडून काय हवंय, याच क्रमाने बोलायचं. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची ही पद्धत पुढे हॉस्पिटलांत आली.

एका रात्री मी फोनवर म्हटलं, "सर, आज दुपारी ऑपरेशन झालेल्या पेशंटचं बीपी संध्याकाळी 124/80 होतं, आता 84/50 आहे. नाडी 128. ड्रेनमध्ये ताजं रक्त दिसतंय. मला आत रक्तस्राव वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं." सर लगेच आले, पेशंटला पुन्हा ओटीत घेतलं, तो वाचला.

शेवटचं वाक्य आम्ही नर्सेस नेहमी गाळतो. डॉक्टरांना काय करा हे आपण कसं सांगायचं, असा संकोच वाटतो. पण तेच वाक्य सगळ्यात गरजेचं आहे. फोनवर औषध सांगितलं की मी ते लिहून घेते, नाव आणि डोस परत वाचून दाखवते आणि "बरोबर ना, सर?" विचारते. आजवर कुणी रागावलेलं नाही.

क्वालिटी विभाग, पिथमपूर

महिनाअखेर होती. ट्रक गेटवर उभा. प्रॉडक्शनचे साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे भिया, निकाल दो, अगले लॉट में देख लेंगे." या 'भिया'ला भलेभले विरघळतात.

मी आवाज चढवत नाही. शॉप फ्लोअरवर ओरडणारा माणूस भांडतोय असंच सगळे धरून चालतात, मुद्दा कुणी ऐकत नाही. मी त्यांना तपासणीच्या टेबलापाशी नेलं आणि भोक तपासायचा प्लग गेज त्यांच्याच हातात दिला. ड्रॉइंगवर 25 एच7 होतं, म्हणजे भोक जास्तीत जास्त 25.021 मिलिमीटर. गेजची नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, सरळ आत गेली. त्यांनी दुसरा नग उचलला, तीच गत. मग मी म्हणालो, "साहब, ये लॉट मेरे साइन से नहीं जाएगा. छँटाई करवाके अच्छा माल सुबह तक दे दूँगा." ते वैतागले, फोनाफोनी झाली, पण ट्रक थांबला.

नाही म्हणताना पुढचा रस्ता त्याच दमात सांगावा. नुसत्या नकारावर समोरचा अडून बसतो. सकाळची वेळ दिली की चर्चा सकाळच्या मालावर जाते.

वकील, उच्च न्यायालय, इंदूर खंडपीठ

मध्य प्रदेशात उच्च न्यायालयात हिंदीतून युक्तिवाद करायची मुभा 1971पासून आहे. तरी कितीतरी नवे वकील इंग्रजीत अडखळतात आणि उत्तम तयारी वाया घालवतात. मला हे बघवत नाही. ज्या भाषेत विचार सरळ चालतो, त्या भाषेत उभं राहा.

न्यायमूर्तींनी मध्येच प्रश्न विचारला की "मी त्यावर येतेच आहे" म्हणू नये. आधी हो किंवा नाही, मग पान, मग कारण. स्थगितीच्या अर्जावर मला विचारलं गेलं, नोटीस मिळाली होती का? मी म्हटलं, "नहीं, मायलॉर्ड. पेज 31, एनेक्शर पी/4, लिफाफा वापस आने की टीप वहीं है." आणि गप्प बसले. पान उलटून वाचून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. ती शांतता पेलणं सगळ्यात कठीण असतं. लहानपणी आई-बाबांबरोबर इथल्या 'सानंद' संस्थेच्या मराठी नाटकांना जायचे, तेव्हा नट थांबला की सभागृह कसं कान देऊन बसतं ते पाहिलंय. कोर्टात मला त्याचा खरोखर उपयोग झाला.

त्या दिवशी स्थगिती मिळाली नाही. पण समोरच्या बाजूला आठवड्यात उत्तर द्यायला लावलं.

आयटीतली एक

वरचं सगळं पटतं. पण बाईने कितीही ठाम बोलायचं ठरवलं तरी मध्येच तोडणारे तोडतातच, आणि "जास्त बोलते" हा शेरा वर. सगळा भार बोलणारीवरच का? आमच्या टीममधल्या दोघींनी ठरवलं, एकीचा मुद्दा दबला की दुसरीने तिचं नाव घेऊन तो परत टेबलावर आणायचा. "ये पॉइंट अभी इन्होंने रखा था, पहले इन्हीं से पूरा सुन लें?" काही आठवड्यांनी मॅनेजर स्वतःच तसं विचारू लागले. मीटिंग चालवणाऱ्याचं ते कामच आहे, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

बँकेतून निवृत्त

राजकारण बाजूला ठेवून सुमित्राताई महाजनांकडे बघा. चिपळूणची मुलगी, लग्न होऊन इंदुरात आली, 1989पासून सलग आठ वेळा इथून लोकसभेवर गेली आणि 2014 ते 2019 अध्यक्षपदावरून ते सभागृह सांभाळलं. शहरासाठी ती ताईच राहिली. काउंटरवर आरडाओरडा करणारा ग्राहक आला की मीही आधी त्याला बसवायचे आणि सांगायचे, "आपका काम मैं खुद देख रही हूँ, चार बजे तक बता दूँगी." आणि चारच्या आत सांगायचे. वेळ पाळली नाही तर पुढच्या वेळी तो ऐकत नाही.

सीए, रामबाग

फी सांगायला आपण फार लाजतो. "बघा, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" असं म्हणणारे किती तरी मित्र मला माहीत आहेत. सियागंजचे व्यापारी भाव करण्यात मुरलेले. त्यांच्यासमोर असं बोलून कसं चालेल? मी काम सुरू होण्याआधीच आकडा सांगतो आणि कागदावर देतो. ऑडिट आणि रिटर्न यात धरलेलं, जीएसटीची नोटीस आली तर तिचं वेगळं.

एक जुने शेठ म्हणाले, "घर के आदमी हो, कुछ तो कम करो." मी म्हटलं, "काम कम कर सकता हूँ, उसी काम की फीस नहीं. हर तिमाही की बैठक हटा दें?" ते थोडा वेळ कागद बघत राहिले. बैठक राहू द्या म्हणाले, फीही राहिली. पुढच्या वर्षी त्यांनी धाकट्या भावाला माझ्याकडे पाठवलं, आणि त्यालाही मी तसाच कागद दिला.