मदत हवी आहे : ऑपरेशननंतर डोळे कोरडे, चार ड्रॉप्स बदलून झाले

रामबागकर : ऑपरेशनला दीड वर्ष झालं. डोळ्यांत सारखं वाळू गेल्यासारखं खुपतं, सकाळी पापण्या चिकटलेल्या. ड्रॉप्सनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं. इंदूरमध्ये यासाठी चांगला डॉक्टर सांगा. लवकर. पुढच्या आठवड्यात पुतणीचं लग्न आहे.

जुना_कंपाउंडर : मोतीबिंदूचं की चष्म्याचं लेसर? लेसरनंतर काही महिने कोरडेपणा राहतोच. घाबरू नका.

रामबागकर : डोळ्यांचं कोण म्हणालं? पोटाचं. वजनाचं ऑपरेशन. १२८ किलो होतो, आता ८१.

पोहे_जीरावन : भिया, हे आधी सांगायचं ना!

माळव्याची_लेक : स्लीव्ह की बायपास? माझं स्लीव्ह झालं २०२१ मध्ये, आणि डोळे उलट सुधारले. आधी झोपेत श्वास अडकायचा म्हणून सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवा देणारं मशीन, लावत होते. मास्कमधून हवा निसटून थेट डोळ्यांवर. वजन उतरलं, मशीन सुटलं, डोळ्यांची आग गेली. उगाच ऑपरेशनला दोष देऊ नका.

आयुर्मित्र : त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा आणि रोज दोन चमचे गाईचं तूप. माझ्या मेव्हण्याचा चष्मा सुटला.

रामबागकर : मिनी बायपास. डॉक्टरचं नाव सांगणार का कोणी?

चष्मेवाली_ताई : (ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळे तपासते.) मग गोष्ट वेगळी. स्लीव्हमध्ये जठर लहान होतं, आतडं तसंच राहतं. बायपासमध्ये आतड्याचा वरचा भाग वगळतात, त्यामुळे चरबी कमी शोषली जाते आणि तिच्यात विरघळणारी ए, डी, ई, के जीवनसत्त्वंही. डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या ज्या पेशी चिकट म्युसिन सोडतात त्यांना ए लागतं. म्युसिन नसेल तर अश्रू डोळ्यावर टिकत नाहीत, वरून कितीही ड्रॉप्स घाला. यकृतात साठा असतो म्हणून त्रास उशिरा दिसतो. व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत? अंधारात नीट दिसतं?

रामबागकर : गोळ्या सहा महिने घेतल्या. मग तब्येत ठणठणीत, बंद केल्या. अंधाराचं म्हणाल तर परवा रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीतून परतताना उभ्या स्कूटरवर आदळलो. बायको म्हणाली, लक्ष कुठे असतं तुमचं!

पोहे_जीरावन : बायपासवाला माणूस सराफ्यात काय करून राहिला होता?

रामबागकर : भुट्ट्याचा कीस. चार घास. आता त्यावरून धागा नको.

चष्मेवाली_ताई : हे मात्र लग्नापर्यंत थांबवू नका. रक्तातलं व्हिटॅमिन ए तपासा, सोबत झिंक आणि प्रथिनं. ती कमी असली तर यकृतातलं ए बाहेरच पडत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना पोटाचं ऑपरेशन आधी सांगा. ते पापणीत कागदाची पट्टी ठेवून ५ मिनिटांत किती भिजते ते बघतील. ५ मिलिमीटरच्या खाली म्हणजे फारच कोरडं. बुबुळावर जखम आहे का तेही बघतील. घरी वहिनींना सांगा, उजेडात पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग दिसतो का ते पाहा.

आयुर्मित्र : ए व्हिटॅमिन तुपातही असतं. मी तेच म्हणत होतो.

चष्मेवाली_ताई : असतं, पण इथे शोषणच बिघडलंय. जास्त तुपाने जुलाब होतील, आणि अशा डोळ्यांवर घरचं पाणी म्हणजे जंतूंना आमंत्रण. रामबागकर, ए च्या मोठ्या गोळ्याही दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका, जादा झाल्या तर यकृताला बाधतात.

आयुर्मित्र : आमच्या आजीला नव्वदीत सुई ओवता येत होती.

माळव्याची_लेक : तुमच्या आजीचं आतडं कोणी वगळलं होतं का?

रामबागकर : बायकोने पाहिलं. डाव्या डोळ्यात बाहेरच्या कोपऱ्याकडे पांढुरका डाग आहे. ती आता माझ्याशी एकदम गोड बोलतेय, त्यानेच जास्त भीती वाटतेय. सर्जनना फोन केला. पहिला प्रश्न, गोळ्या कधी सोडल्या? उद्या रक्त, दुपारी डोळ्यांचा दवाखाना. स्कूटर चालवणार नाही.

नवीन_सदस्य : मिनी बायपासला खर्च किती आला? शुगरच्या गोळ्या सुटतात का?