मोकळ्या रस्त्यावरच बंद पडणारी १९७० ची एमजीबी

चेंबूरकर:
नमस्कार. माझ्याकडे १९७० ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. मामांनी ती अनेक वर्षे जिवापाड जपली आणि गुडघ्यांमुळे क्लच दाबणे जड जाऊ लागल्यावर गेल्या वर्षी माझ्या हवाली केली. इंजिन मूळचेच, १७९८ सीसीचे आहे. दोन एसयू कार्ब्युरेटर, ल्युकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटणारा) आणि पॉइंट-कंडेन्सरचे जुने इग्निशन (पॉइंट म्हणजे कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), असा सगळा मामला आहे.

रविवारी सकाळी मी ईस्टर्न फ्रीवेने मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन येतो. फ्रीवेवर ताशी ६०-६५ किलोमीटरच्या वेगाने गाडी छान चालत असताना इंजिन एकाएकी मेल्यासारखे होते. कधी दोन-तीन झटके देऊन ते पुन्हा पकड घेते, तर कधी पूर्ण बंद पडते आणि उरलेल्या वेगावर गाडी कडेला घ्यावी लागते. पाच-दहा मिनिटे थांबल्यावर ती काहीच न घडल्यासारखी सुरू होते. एका रविवारी हे तीनदा होते, तर पुढचे दोन रविवार अजिबात होत नाही.

आमच्या मेकॅनिकने इंजिन तापल्यावर दोष येतो असे निदान करून आधी कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी), मग कंडेन्सर, मग प्लग, मग पेट्रोल फिल्टर आणि शेवटी पेट्रोल पंपाचे पॉइंट बदलले. प्रत्येक वेळी सोसायटीच्या आवारात अर्धा-पाऊण तास इंजिन चालू ठेवून पाहिले, काटा वर चढेपर्यंत तापवले, पण तिथे ते एकदाही बंद पडले नाही. आतापर्यंत सुमारे ३५ हजार रुपये खर्च झाले आहेत. आता पुढचा पार्ट कोणता बदलावा, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गिरगावचा जुना गडी:
माझ्या मते तुम्ही पेट्रोलकडे पाहा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि ही गाडी त्याच्यासाठी घडवलेलीच नाही. इथेनॉल साधारण ७८ अंश सेल्सियसला उकळते. एमजीबीचे कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत, त्यामुळे कार्ब्युरेटरखालची उष्णतारोधक पत्र्याची ढाल जागेवर नसेल तर फ्लोट चेंबरमधले, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतले पेट्रोल अक्षरशः उकळते. मेकॅनिक मंडळी ज्याला एअर लॉक म्हणतात ते हेच. शिवाय इथेनॉलमुळे जुने रबरी होज आतून सुटतात आणि त्यांचे कण सुईच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. माझ्या फियाटला गेल्या मे महिन्यात नेमका हाच त्रास झाला होता.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की स्विच चालू ठेवून मागच्या चाकाजवळच्या पंपाचा आवाज ऐका. दोन-चार टक-टक होऊन तो शांत झाला तर पेट्रोल पोहोचते आहे. तो अखंड टकटकत राहिला तर हवा खेचतो आहे, किंवा टाकी रिकामी आहे.

मुळगावकर:
चेंबूरकर, तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते आणि ती तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. दोष फ्रीवेवर येतो, आवारात येत नाही. उष्णतेचा दोष असता तर तो नेमका उलट दिसला असता, कारण उभ्या गाडीच्या बॉनेटखाली जितकी उष्णता कोंडते तितकी वारा खात चालणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली कोंडत नाही. सायनच्या सिग्नलांवर तुंबलेल्या वाहतुकीत ती कधी बंद पडली आहे का?

त्यामुळे पुढचा पार्ट कोणता बदलावा, या प्रश्नाचे उत्तर मी सध्या तरी कोणताच नको असे देईन. येऊन-जाऊन दिसणाऱ्या दोषात पार्ट बदलल्यावर दोन रविवार गाडी नीट चालली तर ती नव्या पार्टमुळे चालली की तिच्या मर्जीने, हे सांगताच येत नाही. आधी दोष चालू असतानाची साक्ष मिळवावी लागेल, आणि त्यासाठी तीन गोष्टी करा.

पहिली म्हणजे इंजिन मरते त्या क्षणी आरपीएमच्या काट्याकडे पाहा. तुमच्या सालच्या गाडीत हा मीटर कॉइलला जाणाऱ्या पांढऱ्या वायरमधल्या विजेच्या ठोक्यांवर चालतो. गाडी गिअरमध्ये असते, चाके इंजिनाला फिरवत असतात आणि तरीही काटा धाडकन शून्यावर आला, तर कॉइलमधले ठोकेच थांबले आहेत आणि पेट्रोलचा काही संबंध नाही. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर गिरगावकरांचे म्हणणे आधी तपासावे लागेल, किंवा मग डिस्ट्रिब्युटरचा रोटर, त्याची कॅप (टोपी) आणि प्लगांकडे जाणाऱ्या हाय टेन्शन वायर पाहाव्या लागतील.

दुसरी गोष्ट अशी की कॉइलला जिथून करंट येतो त्या टर्मिनलवरून एक वायर आत डॅशबोर्डपर्यंत आणून तिला १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा आणि बल्बचे दुसरे टोक बॉडीला द्या. कॉइलच्या टोकाशी लहान फ्यूज मात्र जरूर घाला. या गाड्यांमध्ये इग्निशनची पांढरी वायर मुळातच फ्यूजशिवाय असते, आणि तुमची जोडलेली वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर सगळा वायरिंगचा जुडगा जळेल. इंजिन मरताना बल्बही विझला तर दोष स्विचकडे, मीटरच्या मागच्या जोडांत किंवा त्या वायरीत आहे. बल्ब जळत राहिला तर दोष कॉइलच्या पुढे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे गाडी बंद पडल्यावर थांबू नका, लगेच स्टार्टर मारून पाहा. पाच-दहा मिनिटे थांबणे खरोखरच आवश्यक होते, की मेकॅनिकने तापल्याचे सांगितले म्हणून तुम्ही थांबत होता?

अर्थात हे सगळे फ्रीवेच्या मधल्या लेनमध्ये करू नका. शेजारी कोणाला तरी बसवा, काटा आणि बल्ब पाहण्याचे काम त्याच्याकडे द्या, आणि वाहतूक सुरू होण्याआधी निघा.

पार्लेकर:
एवढी खटपट करण्यापेक्षा पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे किट बसवावे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसते, बाहेरून कोणाला कळतही नाही.

मुळगावकर:
पार्लेकर, किट चांगलेच असते आणि कदाचित ते बसवताना दोषी भाग आपोआप निघूनही जाईल, पण दोष स्विचच्या बाजूला असेल तर नवे किटही त्याच फ्रीवेवर त्याच जागी बंद पडेल आणि मग किटवर संशय येईल. आधी शोध, मग सुधारणा, असा क्रम असावा.

चेंबूरकर:
सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. या रविवारी सकाळी पावणेसहाला भाचीला शेजारी बसवून निघालो. बल्ब आरशाच्या दांडीला सेलोटेपने चिकटवला होता, त्यामुळे गाडीला देव्हाऱ्याची कळा आली होती.

भक्ती पार्कच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर पहिला झटका बसला. भाची ओरडली, ‘मामा, काटा झिरो!’ बल्ब मात्र जळत होता. मी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि इंजिनाने तात्काळ पकड घेतली. परतताना पुन्हा तेच झाले आणि या वेळी इंजिन पूर्ण बंद पडले. काटा शून्यावर आणि बल्ब चालू, हे दृश्य तसेच होते. कडेला थांबताच सांगितल्याप्रमाणे स्टार्टर मारला, तर पहिल्या फटक्याला सुरू! इतके दिवस मी उन्हात उगाच उभा राहत होतो. पंपही शांत होता, म्हणजे पेट्रोल पोहोचत होते. सायनच्या वाहतुकीत ती एकदाही बंद पडलेली नाही, हेही आठवून सांगतो.

आणखी एक निरीक्षण असे की झटके नेहमी एकाच वेगाने, पाय अगदी हलका ठेवून चालवत असतानाच येतात. ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबला असता कधी आल्याचे आठवत नाही. याला काही अर्थ आहे का?

मुळगावकर:
याला फार मोठा अर्थ आहे, आणि मी हे आधीच विचारायला हवे होते.

डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला पत्र्याची एक गोल डबी असते आणि तिच्यातून एक बारीक नळी मागच्या कार्ब्युरेटरला जाते. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना तुमच्या सालच्या गाडीत या नळीत व्हॅक्यूम नसतो, कारण तिचे भोक थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या) पाकळीच्या बाहेरच्या अंगाला पडते. पाय हलका दाबला की पाकळी त्या भोकाच्या पुढे सरकते, व्हॅक्यूम डबीतला पडदा ओढतो, पडदा दांडी ओढतो आणि ज्या प्लेटवर पॉइंट बसलेले असतात ती प्लेट काही अंश फिरते. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि प्लेट परत येते. पाय उचलला तरी परत येते. म्हणजे तुमचा दोष नेमका ज्या स्थितीत येतो त्याच स्थितीत ती प्लेट फिरलेली असते, आणि आवारात उभ्या गाडीत ती तासभर इंजिन चालवले तरी हलत नाही.

आता प्लेट फिरली की काय ताणले जाते ते पाहा. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरच्या टर्मिनलपासून पॉइंटच्या स्प्रिंगपर्यंत जेमतेम दोन इंचांची एक मऊ वायर जाते, आणि प्लेटपासून बॉडीपर्यंत अर्थिंगची एक छोटी वायर असते. या दोन्ही प्लेटबरोबर प्रत्येक वेळी वाकतात, आणि ५० वर्षे वाकून त्यांच्यातल्या तांब्याच्या केसासारख्या तारा एकेक करून तुटतात. वरचे आवरण मात्र शाबूत राहते, त्यामुळे टोपी काढून पाहणाऱ्याला सगळे ठीकच दिसते.

तपासणी घरीच होईल. टोपी आणि रोटर काढा, कॉइलकडून येणारी वायर सोडा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक बाहेरच्या टर्मिनलला आणि दुसरे पॉइंटच्या स्प्रिंगला लावा. शून्याच्या जवळ आकडा दिसला पाहिजे. आता व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने काढून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. प्लेट फिरून तिथेच राहिली पाहिजे, हळूहळू परत आली तर डबीचा पडदाही फाटला आहे. प्लेट फिरलेली असताना आकडा उडाला तर चोर सापडला. हीच कृती प्लेट आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर लावून अर्थिंगच्या वायरसाठीही करा.

गिरगावचा जुना गडी:
ही नळी तोंडाने ओढण्याची युक्ती मला माझ्या उस्तादांनी शिकवली होती आणि मी ती साफ विसरून गेलो होतो. मुळगावकरांचे म्हणणे पटले. एवढेच सांगतो की वायर बदलताना घरातल्या वायरिंगचा तुकडा वापरू नका, तो महिनाभरात तुटेल. लॅमिंग्टन रोडला अगदी बारीक तारांची सिलिकॉनच्या आवरणाची वायर मीटरच्या मापाने मिळते, तीच आणा, आणि प्लेट दोन्ही टोकांना फिरवून पाहून लांबीला थोडी ढील ठेवा. जोडताना पॉइंटच्या खुंटीवरचा प्लास्टिकचा टोपीसारखा वॉशर जसा निघाला तसाच परत गेला पाहिजे. कंडेन्सरची वायर आणि ही नवी वायर, दोघींच्या टोकांची डोळी (गोल कड्या) स्प्रिंगला टेकली पाहिजेत, पण खुंटीला आणि नटला टेकता कामा नयेत. क्रम चुकला तर पॉइंट कायमचे बॉडीला जोडले जातात आणि इंजिन अजिबात सुरू होत नाही.

चेंबूरकर:
चोर सापडला. मीटरवर ०.२ ओहम दिसत होता, नळी ओढल्यावर आकडा काही वेळा तसाच राहिला आणि पाचव्या-सहाव्या खेपेला एकदम उडाला. अर्थिंगची वायर ठीक आहे, पडदाही धरतो. आतली वायर काढून ब्लेडने सोलली, तर टर्मिनलपासून करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर तांबे पूर्ण तुटलेले होते आणि दोन्ही टोके हिरवट काळी पडली होती. केवळ आवरणाच्या आधाराने ती एकमेकांना टेकून होती.

लॅमिंग्टन रोडची वायर घातली. वॉशरचा क्रम पहिल्या प्रयत्नात चुकलाच, गिरगावकरांचा इशारा वाचूनही, त्यामुळे एक तास गेला. नंतर पॉइंटची गॅप १५ थाऊला (इंचाच्या १५ हजारांश भागाला) लावून टायमिंग तपासून घेतले. गेले तीन रविवार आणि मधले दोन दिवस मिळून सुमारे अडीचशे किलोमीटर चाललो, त्यात एकदा मुद्दाम पामबीच रोडवर हलक्या पायाने टोकापासून टोकापर्यंत गेलो, एकही झटका नाही. बल्ब अजून काढलेला नाही.

तुटलेली वायर मेकॅनिकला नेऊन दाखवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून मागे-पुढे वाकवली, उजेडात धरली, आणि म्हणाले की हा पार्ट म्हणून वेगळा कोणी मागत नाही, म्हणून कधी पाहिला नाही. पुढच्या गाडीत पाहीन म्हणाले. कंडेन्सर मात्र त्यांनी काढलेला मामांचा जुनाच परत बसवला आहे, कारण नव्या कंडेन्सरमुळे पॉइंटवर जास्त ठिणगी पडत होती.

एक प्रश्न राहिला. गाडी गरम असताना दहा मिनिटे उभी करून पुन्हा सुरू केली तर अर्धा मिनिट अडखळते. हे आधीपासूनच आहे.

गिरगावचा जुना गडी:
ते मात्र पेट्रोलच आहे. कार्ब्युरेटरखालची पत्र्याची ढाल आहे का ते पाहा, आणि टाकीपासून पुढचे सगळे रबरी होज इथेनॉल चालणारे घाला. ऑपेरा हाऊसला मिळतील, पण दुकानदाराला इथेनॉलसाठी हवे असे स्पष्ट सांगून होजवरची छापील खूण वाचूनच घ्या.