मदत हवी आहे: नवीन गाडीची बॅटरी सारखी उतरते

चाफेकळी
इथे कुणी गाड्यांच्या इलेक्ट्रिकलमधलं जाणकार आहे का? गाडी नवीन आहे, वॉरंटीत आहे. दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. स्टार्टचं बटण दाबलं की डॅशबोर्डवर सगळे दिवे लागतात, आतून कटकटकट असा आवाज येतो आणि मग सगळं अंधार. मध्येच स्टिअरिंगचा, एबीएसचा, टायर प्रेशरचा असे नसते इशारे येतात. जम्प देऊन गाडी चालू झाली की आपोआप गायब होतात. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी बॅटरी चार्ज करून हातात देतात आणि वर सांगतात, "मॅडम, गाडी चालवत जा." अहो, चालवायला आधी ती चालू व्हायला हवी ना! काल आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, ऐनवेळी रिक्षा शोधत बसलो. त्यांना नक्की काय तपासायला सांगू? शनिवारी परत नेणार आहे, प्लीज लवकर सांगा.

मिश्कील_मावळा
कुठली गाडी? पेट्रोल, डिझेल, सीएनजी? "नवीन गाडी" नावाचं मॉडेल अजून बाजारात आलेलं नाही. (हलके घ्या.)

नाना_ठाणेकर
सोपं आहे. दुसरा गिअर टाका, दोन माणसांना ढकलायला सांगा, वेग आला की क्लच सोडा. माझी ८०० अशी कितीदा चालू केलीय. आणि रात्री गाडी लावली की बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवायची. १० नंबरचा पाना घेतला की मिनिटभराचं काम. हल्लीच्या मंडळींना बॉनेट कुठून उघडतं तेच ठाऊक नसतं.

फ्यूजबॉक्स
नाना, ऑटोमॅटिक असेल तर ढकलून काही होणार नाही. आणि रोज केबल काढायचा सल्ला नव्या गाड्यांना देऊ नका. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असलेल्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच बॅटरीचा सेन्सर असतो. केबल काढली की बॅटरी किती भरली आहे हा गाडीचा हिशेब कोरा होतो. वर घड्याळ आणि काचांची सेटिंग पुन्हा करत बसा. हे सगळं करूनही करंट खाणारा चोर आत तसाच राहतो.
चाफेकळी, एवढं सांगा: इंधन कुठलं, गिअर कुठले, सिग्नलला गाडी आपोआप बंद होते का, रोज किती चालते, कुठे उभी असते, आणि बाहेरून काय काय लावून घेतलंय? स्टिरिओ, कॅमेरा, जीपीएस, काहीही.

चाफेकळी
पेट्रोल, ऑटोमॅटिक. हो, सिग्नलला बंद होते. सव्वा वर्ष झालं घेऊन. मी बहुतेक घरूनच काम करते, त्यामुळे रोज बाहेर निघत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, वॉरंटीचं काम आहे, उगाच वाद नको. बाहेरून काही लावलेलं नाही.

रंकाळा_काठ
ताई, माझं बॅटरीचंच दुकान आहे, कोल्हापुरात. सव्वा वर्षात बॅटरी दोन-चारदा पार झोपली असेल तर ती गेली म्हणून समजा. कितीबी चार्ज करा, वरवर भरल्यागत दिसती, लोड पडला की बसती. बदलून टाका. फक्त साधी टाकू नका हां, स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला ईएफबी नायतर एजीएम असली दणकट जातीचीच लागती, जी आधी आहे तीच. लोक दोन-तीन हजार वाचवायला साधी टाकत्यात आन वर्षात परत दारात येत्यात.

फ्यूजबॉक्स
दादा, बॅटरीला मार बसलाय हे मान्य. पण बॅटरी मार खाणारी आहे, मारणारा वेगळा आहे. चोर न शोधता नवी टाकली तर तीही तशीच जाईल.
हिशेब बघा. लॉक केलेल्या गाडीत सगळे मॉड्यूल (आतले छोटे कॉम्प्युटर) झोपले की साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत करंट जायला हवा. म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-अवर (एएच). ४५ एएचची चांगली बॅटरी एवढ्यावर काही आठवडे तग धरते. तेच ३०० मिलीअँपिअर जात असेल तर दिवसाला सात, तीन दिवसांत एकवीस-बावीस. अर्धी बॅटरी साफ. त्यात घरून काम, छोट्या फेऱ्या, म्हणजे ती मुळात पूर्ण भरलेली नसणारच. "गाडी चालवत जा" यात तथ्य आहे, पण अर्धंच.

रंकाळा_काठ
ते बी बरोबर. मीटर असला तर सकाळी सकाळी, दार न उघडता, टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की रडारड. इंजिन चालू करून १४ च्या आसपास दिसलं तर अल्टरनेटर, म्हंजे बॅटरी चार्ज करणारा, ठणठणीत.

मिश्कील_मावळा
पण दार न उघडता बॉनेट कसं उघडायचं राव? खटका तर आतच असतो.

फ्यूजबॉक्स
आदल्या रात्रीच बॉनेट अर्धवट उघडं ठेवायचं आणि त्याच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायची. गाडीला वाटतं बॉनेट लागलंय. नाहीतर काही गाड्या झोपतच नाहीत. बघून झालं की जीभ आधी सोडवा आणि मगच बॉनेट आपटा, नाहीतर कुलूप वाकतं.

विजेवर_स्वार
म्हणून मी सांगतो सगळ्यांना, इलेक्ट्रिक घ्या! ना अल्टरनेटर, ना स्टार्टर, ना ही कटकट. माझी गाडी घरच्या सॉकेटवर चार्ज होते, किलोमीटरला रुपयाच्या आसपास पडतो.

फ्यूजबॉक्स
धाग्याचा विषय तो नाही, पण चुकीची माहिती नको म्हणून लिहितो. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच आणि ती उतरली तर एवढी मोठी बॅटरी पोटात असूनही गाडी जागची हलत नाही. २०२४ मध्ये भारतात ह्युंदाईच्या आयोनिक ५ या इलेक्ट्रिक मॉडेलच्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या होत्या, त्या १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणाऱ्या युनिटमधल्या दोषामुळेच.

विजेवर_स्वार
एका मॉडेलवरून सगळ्यांना झोडपू नका. पेट्रोल गाड्यांचे रिकॉल मोजायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

रानमांजर
उंदीर!!! कुणी उंदरांबद्दल बोललंच नाही. पुण्यात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उंदीर इंजिनच्या उबेला येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. बॉनेट उघडून बघा, काळ्या लेंड्या दिसतील. तंबाखूची पानं ठेवा, डांबरगोळ्या ठेवा, खालून जाळी बसवून घ्या. माझ्या गाडीची अख्खी हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलावी लागली होती, इन्शुरन्सवाल्यांनी निम्मेच पैसे दिले.

नाना_ठाणेकर
तंबाखूने काही होत नाही. आमच्याकडचे उंदीर तंबाखू खाऊन परत वायर खातात.

चाफेकळी
उंदीर नाहीत, सर्व्हिसवाल्यांनी खालून बघितलंय. कृपया उंदरांचा वेगळा धागा काढा. शनिवार जवळ आलाय.

सदाशिव_पेठी
डॅशकॅम आहे का?

चाफेकळी
हो, तो आहे. काचेवर चिकटवलेला. पण त्याला "बाहेरून लावलेलं" म्हणतात का? सगळेच लावतात की.

मिश्कील_मावळा
खिक्क. 😀

सदाशिव_पेठी
तोच. माझ्या भावाच्या गाडीत तेच झालं. वायर लायटरच्या सॉकेटमध्ये आहे की फ्यूजबॉक्समधून ओढली आहे? पार्किंग मोड चालू असेल तर तो रात्रभर करंट पीत बसतो. काढून फेका. माझ्या मते विषय संपला.

चाफेकळी
नाना पेठेतल्या दुकानदाराने फ्यूजबॉक्समधून वायर घेतली आहे. पण हे मलाही सुचलं होतं, गेल्या महिन्यातच मी त्याची पिन काढून ठेवली. तरी बॅटरी उतरलीच. म्हणून तर लिहिलं नाही.

सदाशिव_पेठी
पिन काढली म्हणजे कॅमेरा बंद झाला, पण वायरिंग किट तसाच आहे ना? तो पण खातो.

फ्यूजबॉक्स
नुसता किट खाऊन खाऊन किती खाणार, काही मिलीअँपिअर. तीन दिवसांत बॅटरी बसवण्याइतकं नाही. तरी तो फ्यूज काढून ठेवा, नाहीतर सर्व्हिसवाले शनिवारी पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवतील.

फुकटचा_वकील
आणि ते बोट दाखवले तर "या वायरमुळेच हा दोष आला" हे लेखी द्या म्हणावे. तोंडी काहीही ऐकू नका. प्रत्येक वेळी जॉब कार्ड घ्या, त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "बॅटरी चार्ज केली" एवढेच लिहिलेले कार्ड उपयोगाचे नाही. पुढे वेळ आलीच तर आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचे प्रकरण तिथेच चालते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. ऑनलाइनही करता येते.

जर्सीचा_जोशी
उशिरा बघतोय. गाडीला मोबाइल ॲप आहे का? दुरून लॉक करणं, गाडी कुठे आहे ते दाखवणं, असलं? आणि गाडी नेमकी कुठे उभी असते? फ्यूजबॉक्स यांनी विचारलं होतं, उत्तर दिसलं नाही.

चाफेकळी
ॲप आहे, मी फारसं वापरत नाही. पार्किंग बेसमेंटमध्ये, खालच्या मजल्यावर. तिथे फोनला पण रेंज नसते, त्यामुळे ॲपवर गाडी नेहमी ऑफलाइनच दिसते. का?

जर्सीचा_जोशी
कारण इकडे अमेरिकेत हे प्रकरण गाजलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टी या मोबाइल कंपनीने ३जी बंद केलं. सुबारूच्या काही जुन्या मॉडेल्समधला सिमवाला मॉड्यूल नेटवर्क सापडेना म्हणून शोधतच बसायचा, झोपायचा नाही, आणि लोकांच्या बॅटऱ्या उतरायला लागल्या. शेवटी तो मॉड्यूल बायपास करून देत होते. तुमची गाडी वेगळी, पण ॲपसाठी तिच्यातही असाच सिमवाला मॉड्यूल असणार, आणि रेंज नसलेलं बेसमेंट म्हणजे त्याला रोजच ३जी बंद झाल्यासारखं.

फ्यूजबॉक्स
हे पटतंय. सोपी परीक्षा आहे: गाडी तेवढेच दिवस वर मोकळ्यावर ठेवून बघा. आणि किल्ली दारामागच्या खुंटीवर, गाडीपासून दोन हातांवर असं काही नाही ना? किल्ली जवळ असली तरी काही गाड्या जाग्या राहतात.
शनिवारी त्यांना एवढंच म्हणा: "गाडी लॉक करून पाऊण तास झोपू द्या आणि मग बॅटरीतून किती करंट जातोय तो मोजून जॉब कार्डवर लिहा." जास्त निघाला तर फ्यूजच्या डोक्यावर जी दोन धातूची टोकं दिसतात, त्यांच्यावर मीटर मिलीव्होल्टला लावून एकेक फ्यूज बघायचा. जिथे आकडा दिसेल तिथून करंट जातोय. फ्यूज उपटायचा नाही, परत लावला की झोपलेले मॉड्यूल जागे होतात.

रंकाळा_काठ
एवढं कशाला, क्लॅम्प मीटर लावला केबलला की झालं.

फ्यूजबॉक्स
डीसी मोजणारा असेल तर. तपकीर गल्लीत स्वस्तात मिळणारे बहुतेक फक्त एसी मोजतात, ते शून्य दाखवतात आणि माणूस खूश होऊन घरी जातो.

रंकाळा_काठ
माझा डीसीचा हाय ओ. दुकान चालवतोय मी.

नाना_ठाणेकर
सिम कार्ड गाडीला लागतंच कशाला? आमच्या गाडीत रेडिओ होता, तोही विविध भारतीच लागायचा.

चाफेकळी
अपडेट देते. वर जागाच मिळाली नाही, त्यामुळे ती परीक्षा राहिली. शनिवारी नेली. अॅडव्हायझरने डॅशकॅमचं नाव घेतलंच, मी लेखी मागितल्यावर विषय बदलला. मोजायला तयार नव्हते, "मॅडम, स्कॅनरला काही एरर नाही." मी जॉब कार्डवर लिहून घेतल्याशिवाय हलले नाही. शेवटी एका वयस्कर इलेक्ट्रिशियनने त्यांच्या तळघरातल्या स्टोअरपाशी गाडी लावून मोजलं. पाऊण तासानंतरही ०.३८ अँपिअर. एकेक फ्यूज बघत गेला आणि त्या ॲपवाल्या मॉड्यूलचा फ्यूज काढल्यावर सगळं झोपलं, आकडा ०.०२ वर आला. सध्या तो फ्यूज काढून गाडी दिली आहे. ॲप बंद, छतावरच्या एसओएस (आणीबाणीत मदत बोलावायच्या) बटणाचा दिवा लाल. आता सॉफ्टवेअर अपडेट "वरून" यायचं आहे म्हणे. बॅटरीचं विचारलं तर "बघू".

फुकटचा_वकील
"बघू" ला अर्थ नाही. हे दोन्ही आकडे आणि फ्यूज त्यांनी काढला हे कार्डवर आहे ना? ईमेलने कंपनीच्या ग्राहक विभागालाही पाठवा. एसओएस बंद ठेवून गाडी दिली, हे त्यात ठळक लिहा.

रंकाळा_काठ
बॅटरीची लोड टेस्ट करून कागद मागा. नापास निघाली तर वॉरंटीत बदलून द्यायला लागती. आन पास म्हणाले तर चार्जरवरनं काढल्या काढल्या केली नाही ना ते विचारा, तशी कुठलीबी पास होती.

फ्यूजबॉक्स
छान काम केलं त्या इलेक्ट्रिशियनने, त्यांचं नाव लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी त्यांनाच मागा. अपडेट झाल्यावर करंट परत मोजायला लावा, पण त्यांच्या मोकळ्या यार्डात नाही. तिथे रेंज भरपूर, मॉड्यूल दहा मिनिटांत गुमान झोपेल आणि "प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड" लिहून देतील. पुन्हा त्याच स्टोअरपाशी मोजा म्हणावं.

चाफेकळी
हे आत्ताच ईमेलमध्ये टाकते. मोजण्याची जागासुद्धा लिहूनच घेते.

रानमांजर
जाळी तरी बसवून घ्या हो, गाडी तिथे आहेच तर.