स्मरणचित्रात माणसं विखुरल्यासारखी दिसतायत, मदत हवी आहे (लवकर!)

मृद्गंध: मुलीने परीक्षेच्या सरावासाठी आठवणीतून बाजाराचं चित्र काढलंय, रंगवायचं बाकी आहे. सर म्हणाले रचना विस्कळीत आहे, परत काढ. म्हणजे नक्की काय करायचं? ती रडकुंडीला आलीये. माणसं छान काढते, हात-पाय सगळं नीट, पण पूर्ण चित्र बघितलं की काहीतरी बिनसलंय. रचनेचे नियम सोप्या भाषेत सांगा, रविवारच्या आत हवंय.

कुंचला: चित्रकलेची परीक्षा एलिमेंटरी की इंटरमिजिएट? कागद आडवा की उभा? माणसं किती?

फोटोवेडा: सोप्पंय, रूल ऑफ थर्ड्स. कागदाचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडा, रेघा छेदतात त्या चारपैकी एका जागी मुख्य माणूस ठेवा. मी सगळे फोटो असेच काढतो. सुवर्ण गुणोत्तर (साधारण १:१.६ चं प्रमाण) म्हणतात ते हेच.

रंगरेषा: हेच नाही हो. तृतीयांशाची रेघ ३३ टक्क्यांवर येते, सुवर्ण गुणोत्तराची ३८ वर. आणि वारलीतला तारपा नाच बघा, मधे तारपा हे वाद्य फुंकणारा, भोवती माणसांची गुंडाळी, तिथे कुठे आले तृतीयांश? तरी चित्र घट्ट बांधलेलं.

फोटोवेडा: वारलीचं गणित वेगळं. नवशिक्याला धरायला काहीतरी नियम हवाच ना.

शिंपला: पोस्टर कलर घेताना पांढऱ्याची मोठी बाटली घ्या, तोच आधी संपतो.

मृद्गंध: रंग आहेत हो घरात. इंटरमिजिएट, आडवा कागद. आठ माणसं आणि एक गाय, सगळी ओळीने उभी. प्रत्येक जण पूर्ण दिसलाच पाहिजे म्हणते, कुणाला कुणाच्या मागे घ्यायला तयार नाही.

कुंचला: अहो मग दुखणं तिथेच आहे! एकमेकांआड गेल्याशिवाय गर्दी होत नाही. भाजीवाली आणि दोन गिऱ्हाइकं यांचा एक घोळका करा, एकाचा खांदा दुसऱ्याच्या आड जाऊ दे, उरलेली माणसं लांब आणि लहान. सगळ्यांचे पाय एका रेघेवर आलेत ना, ते मोडा, लांबच्याचे पाय कागदावर वर सरकतात, पण बघणारा उभा असेल तर उभ्या मोठ्या माणसांची डोकी साधारण क्षितिजरेषेच्याच पातळीला राहतात. घोळक्याच्या बाजूला थोडी मोकळी जमीन सोडा, तीही रचनेचाच भाग. आणि गाईचं शिंग टोपलीच्या कडेला नुसतं टेकवू नका, एकतर स्पष्ट आड जाऊ दे नाहीतर लांब ठेवा.

रंगरेषा: याला माझा दुजोरा. मुख्य गोष्ट मोठीच हवी असंही नाही. जपानी चित्रकार होकुसाईच्या कानागावाच्या लाटेच्या चित्रात फुजी पर्वत एवढासा, पण लाटेच्या पोकळीत बसवलाय म्हणून नजर तिथेच जाते.

फोटोवेडा: ती पोकळी मधे नाही, डावीउजवीकडे मोजून बघा, तृतीयांशाच्या जवळ भरेल.

रंगरेषा: तुम्ही मोजा, आम्ही बघतो.

मृद्गंध: भाजीवालीचा घोळका कागदाच्या कुठल्या बाजूला घ्यायचा, डाव्या की उजव्या? रस्ता डावीकडून आत जातो.

कुंचला: मग उजवीकडे घ्या. आधी वहीत आगपेटीएवढी चार-पाच कच्ची चित्रं करायला सांगा, नुसते काळे-पांढरे आकार. त्यातलं जे लांबून कळतंय तेच मोठ्या कागदावर.