क्लाउड पडला की तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

गोदामवाला

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. पहाटे कारीट फोडून झालं, फराळ झाला, दुपारी जरा आडवा होणार तोच फोन थरथरायला लागला. मी पुण्यात एका मालवाहतूक कंपनीचं आयटी सांभाळतो. आमचे सगळे सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर, मुंबईच्या रीजनमध्ये (म्हणजे क्लाउड कंपनीच्या तिथल्या डेटा सेंटरांत), आणि ते सगळे ठणठणीत होते. पण चाकणच्या गोदामात पार्सलवर चिकटवायचं बारकोडचं लेबल निघेना.

पहिला तासभर मी आमच्याच नेटवर्कला शिव्या घालत होतो. फायरवॉल तपासली, प्रिंटर बदलायला लावला, गोदामातल्या पोराला तीनदा राउटर बंद-चालू करायला लावलं (त्याचीही दिवाळीच होती). मग कळलं की लेबल बनवणारी सेवा आम्ही ज्यांच्याकडून घेतो, त्यांचं बिऱ्हाड अमेरिकेत, व्हर्जिनियात, आणि तिथला अख्खा रीजन आजारी आहे. आमच्या आर्किटेक्चरच्या चित्रात ही सेवा म्हणजे कोपऱ्यातला एक लहानसा चौकोन. चौकोनाच्या आत काय आहे हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

लेबलं शेवटी मार्करनं हातानं लिहिली. सणामुळे गाड्या कमी होत्या म्हणून निभावलं.

तर प्रश्न असा. ज्याला आपण हातही लावू शकत नाही अशी गोष्ट बिघडते, आणि साहेब विचारतात "किती वेळ लागेल?", तेव्हा तुम्ही नक्की काय करता? शहाणपण नको, घडलेलं लिहा. कंपन्यांची नावंही नकोत, नोकऱ्या सगळ्यांना करायच्या आहेत.

जर्सीकर

त्याच दिवशीचं, आमच्याकडे सोमवार सकाळ. खर्च वाचावा म्हणून टेस्टिंगचे सर्व्हर आम्ही रोज संध्याकाळी बंद करतो, सकाळी सातला ते आपोआप उठतात. कल्पना माझी, शाबासकीही मला मिळाली होती. त्या सकाळी एकही उठला नाही.

मूळ दुखणं तोवर बरं झालेलं होतं. त्या क्लाउडच्या डेटाबेस सेवेच्या पत्त्याची डीएनएसमधली (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी इंटरनेटची वही) नोंदच रिकामी झाली होती, ती भारतातल्या दुपारी तीनच्या सुमारास पूर्ववत झाली. पण नवीन मशीन उघडून देणारी यंत्रणा त्याच डेटाबेसवर टेकलेली. ती सावरेपर्यंत आमची संध्याकाळ झाली. रात्रभर चालू ठेवलेली मशीनं बरीचशी चालत राहिली, काटकसर केलेली तेवढी बसली! मी वेड्यासारखा 'स्टार्ट' दाबत होतो. माझ्यासारखे किती जण दाबत असतील, आणि त्या गर्दीनं ती यंत्रणा आणखी किती दबली असेल, हे नंतर सुचलं.

कृष्णाकाठ

तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत मी एकटाच 'आयटी विभाग'. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही मीच काढतो. आमचं सॉफ्टवेअर व्हेंडरच्या क्लाउडवर. दोन वर्षांपूर्वी ऐन बाजारच्या दिवशी सकाळी दहाला बंद पडलं. व्हेंडरचा फोन आधी बिझी, मग स्विच ऑफ.

शहरात 'सर्व्हर डाउन' म्हटलं की माणसं वैतागतात. आमच्याकडे घाबरतात. बुडालेल्या पतसंस्था लोकांनी पाहिल्यात, आणि 'आज सर्व्हर बंद आहे, उद्या या' ही पाटी त्यांच्या डोक्यात त्याच आठवणीला चिकटलेली आहे. अकरापर्यंत दारात चाळीस-पन्नास माणसं जमली. एक आजी मुदत ठेवीची पावती पिशवीतून काढून, काउंटरवर ठेवून उभ्या. बोलेनात, हलेनात.

मॅनेजरसाहेब म्हणाले शटर अर्धं ओढा. मी अक्षरशः हातापाया पडून त्यांना थांबवलं. अर्धं शटर दिसलं असतं तर दुपारपर्यंत अख्खा तालुका दारात आला असता.

वाचवलं ते एका जुन्या सवयीनं. आमचे आधीचे अकाउंटंट रोज संध्याकाळी खातेवार शिल्लक यादी छापून घ्यायचे. ते निवृत्त झाल्यावर कागदाची नासाडी नको म्हणून छपाई मी बंद केली, पण यादीची फाइल रोज रात्री ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचो. का, ते सांगता येणार नाही, धाडस झालं नाही एवढंच. ती एकशे सत्तर पानं छापली. टेबल व्हरांड्यात मांडलं आणि बचत खात्यावर पाच हजारांपर्यंत रोख द्यायला सुरुवात केली. सही घ्यायची, नावासमोर लाल पेननं रक्कम, पासबुकात हातानं नोंद. पहिल्या दहा-बारा जणांच्या हातात नोटा दिसल्या आणि रांग आपोआप पातळ झाली. बरेच जण न काढताच गेले. आजींनी यादीतलं त्यांचं नाव मला मोठ्यानं वाचायला लावलं, रक्कम ऐकली, पावती पिशवीत टाकली आणि बाजाराला गेल्या.

पिग्मी एजंटांना सांगितलं, रोजच्या वेळेला रोजच्या गल्लीत जा, पाच मिनिटंसुद्धा उशीर नको. त्यांच्या हातातलं मशीन क्लाउडशिवाय पावती काढतं, भरणा साठवून ठेवतं. एजंट दारात आला म्हणजे संस्था जागेवर आहे.

सिस्टिम संध्याकाळी सहाला आली. नोंदी चढवता चढवता रात्रीचे अकरा.

पाकीटबंद

आमची लॉगिनची सेवाच गेली. आणीबाणीच्या अकाउंटचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, आणि तो उघडायला तीच लॉगिनची सेवा. पण मी हुशार, एक छापील पाकीट अकाउंट्सच्या तिजोरीत ठेवलेलं! तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे ते भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलेले. रेंज नाही. आता दोन पाकिटं आहेत.

अर्ध्या तासाचा माणूस

साहेबांच्या प्रश्नाबद्दल. पहिल्या मोठ्या आउटेजला (सेवा बंद पडली तेव्हा) मी "अर्ध्या तासात होईल" असं चार वेळा सांगितलं. सांगायला माझ्याकडे काही आधार नव्हता, फक्त समोरचा माणूस गप्प व्हावा एवढीच इच्छा. पाचव्या वेळी साहेबांनी विचारलंच नाही, दुसऱ्याच कोणाला तरी फोन लावला. ते जास्त लागलं.

तेव्हापासून ठरवलंय, वेळ सांगायची ती दुरुस्तीची नाही, पुढच्या निरोपाची. ग्रुपवर असं टाकतो: "दु. ३.३०. बिलिंग बंद, बाकी चालू. व्हेंडरकडून नवीन काही नाही. पुढचा निरोप ४.०० ला." आणि चारला, सांगण्यासारखं काही नसलं तरी, चारलाच टाकायचं. एकदा ४.१० झाले तर तेवढ्यात तीन डायरेक्टरांचे फोन येऊन गेले. हे काम दुरुस्ती करणाऱ्यानं करायचं नाही, वेगळा माणूस बसवायचा. आमच्याकडे त्यासाठी एचआरमधल्या एक बाई येतात. त्यांना तांत्रिक काही कळत नाही, त्यामुळे निरोप सगळ्यांना कळतात.

दवाखान्यातला

कागदी केसपेपरांना आमच्याकडे 'का-१', 'का-२' असे नंबर. साधे नंबर दिले तर सिस्टिम आल्यावर दोन पेशंटचा एकच नंबर होतो. हे कसं शिकलो ते विचारू नका.

अहवाल वाचणारा

स्टेटस पेज (सेवा चालू की बंद हे कंपनी जिथे दाखवते ते पान) हिरवं आहे म्हणून आपल्याच वायरी उपसणाऱ्यांसाठी. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही फाइली साठवायची सेवा व्हर्जिनियात पडली. एका कमांडमध्ये आकडा चुकला आणि हवे त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. आणि स्टेटस पेज बदलायची त्यांची सोयच एस-थ्रीवर अवलंबून! ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं नेटवर्क स्वतःच्याच कमांडनं जगापासून तुटलं, तेव्हा दुरुस्तीची आतली साधनंही त्याच नेटवर्कवर होती, माणसं डेटा सेंटरला धाडावी लागली. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्त्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तर ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा बॅकअपही जळाला. गोदामवाले, तुमचा चौकोन यातलाच.

घाई नको

सगळे म्हणतील दुसऱ्या रीजनमध्ये फेलओव्हर (एक पडला की काम दुसऱ्यावर हलवायची सोय) ठेवा. ठेवा. पण बटण दाबायच्या आधी वीस मिनिटं हातावर हात ठेवून बसा. मी आठव्या मिनिटाला दाबलं. पंधराव्या मिनिटाला मूळ रीजन परत आला. डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) कमी करायचा राहिलेला, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं जुन्या रीजनकडे, निम्मी नव्याकडे, ऑर्डरी दोन्हीकडे. त्या जुळवायला आठवडा गेला. आउटेज पंधरा मिनिटांचं होतं, बाकीचा आठवडा माझा.

बिल तपासनीस

एसएलएची (सेवा किती वेळ चालू राहील याच्या कराराची) भरपाई मागायला विसरू नका, आपोआप देत नाहीत बरेच जण. सात तास बंद होतो. लॉग जोडून, फॉर्म भरून, तीनदा पाठपुरावा करून पुढच्या बिलात १,३४० रुपये वजा झाले. त्या रात्रीच्या वडापाव-चहाचं व्हाउचर १,९०० चं होतं.

गोदामवाला

कृष्णाकाठ, एक विचारू? यादी आदल्या रात्रीची. मग कोणी सकाळी दहाच्या आत पैसे काढून परत तुमच्या टेबलावर आलं नाही?

कृष्णाकाठ

आला ना, एक जण. सकाळी उघडल्या उघडल्या खातं रिकामं करून गेला होता, दुपारी पाच हजार पुन्हा घेऊन गेला. संचालकांचे मेहुणे. वसुलीला मलाच पाठवलं, म्हणाले सिस्टिम तुमची होती.