कॉपी आहे, पण अर्धीच

द रॅप्चर या बँडचा एकोज (२००३) हा अल्बम म्हणजे गँग ऑफ फोर या जुन्या ब्रिटिश पोस्ट-पंक बँडची झेरॉक्स, असं काही जण म्हणतात ते मला अर्धंच पटलं. गिटार तिथूनच उचललीये, वादच नाही. ती गँग ऑफ फोरच्या अँडी गिलची करकरीत, कोरडी, मध्येच तुटणारी गिटार, तो व्हॉल्व्हचे अँप्लिफायर टाळायचा म्हणून आवाजात ऊब अशी नाहीच, नुसते फटकारे, आणि गाणं पुढे ढकलायचं काम बेस करतो. हे सगळं लीड्सच्या या पोरांनी १९७९ च्या एंटरटेनमेंट या अल्बममध्ये करून ठेवलंय. आणि द रॅप्चरचा गायक ल्यूक जेनर वरच्या पट्टीत रडवेला होतो तेव्हा क्युअर बँडचा गायक रॉबर्ट स्मिथच आठवतो, आता त्याला काय करणार!

पण एकोजमधलं हाऊस ऑफ जेलस लव्हर्स हे गाणं नीट हेडफोन लावून ऐका राव. खाली किक ड्रम ठोक्याला ठोका चाललाय, सरळ क्लबात नाचायच्या हाऊस म्युझिकचा, वर ती काऊबेल (गाईच्या घंटेसारखं वाद्य) टणाटण. ही करामत डीएफए या रेकॉर्ड लेबलच्या जेम्स मर्फी आणि टिम गोल्डस्वर्दी या प्रोड्यूसर जोडीची, त्यांनी पंक बँड घेतला आणि डीजेला वाजवता येईल असा बारा इंची रेकॉर्ड काढला. गँग ऑफ फोरवर पाय थिरकतात पण अडखळत, इथे अडखळायला जागाच ठेवली नाहीये.

शब्दांत मात्र एकोज फारच पातळ. गिल आणि गँग ऑफ फोरचा गायक जॉन किंग बाजार, प्रेम, टीव्हीवरच्या बातम्या सगळ्यांची सालं काढायचे, इकडे नुसती आरडाओरड.

आणि कुणाकडून काय उचललं या कर्जाचा हिशोबच काढायचा तर पीआयएल (पब्लिक इमेज लिमिटेड) या बँडचा मेटल बॉक्स हा अल्बम कसा काय विसरता? त्यातला जाह वॉबलचा तो डब (रेगेतून आलेलं, बेसवर चालणारं संगीत) ढंगाचा बेस ऐका आधी, मग बोलू.