आगीत पडूनही न फुटणारा दारूगोळा खरंच असतो का?

देवळीकडचा: आमचं वावर पुलगावच्या दारूगोळा डेपोपासून लांब नाही. 30 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर आग लागली तेव्हा मायला अन् लेकरांना घेऊन अंधारात सोयऱ्याकडं निघालो होतो. 2018 च्या नोव्हेंबरात जुना माल निकामी करताना स्फोट झाला, त्यात रोजीवर गेलेली माणसं गेली. पोरगा बारावीला आहे. तो म्हणतो, आता आगीत टाकला तरी फुटत नाही असा माल निघाला. खरं आहे काय?

निवृत्त, भरण विभाग: भाऊ, पोरगा बरोबर सांगतो. माझी सारी नोकरी गोळे भरण्यात गेली. टीएनटी हे गोळ्यात भरायचं जुनं स्फोटक साधारण 80 अंशाला वितळतं, म्हणजे वाफेवर पातळ करून गोळ्यात ओतता येतं. फौजांना ते आवडलं ते यासाठीच. पण त्यात अशुद्धता राहिली की उन्हाळ्यात तेलकट, तपकिरी द्रव सुटतो आणि झाकणाच्या आट्यांत जाऊन बसतो. मी तो बोटभर अंतरावरून पाहिला आहे, अंगावर काटा येतो. पुलगावच्या आगीनंतर सुरुंगांतून टीएनटी पाझरल्याचीच गोष्ट पुढे आली होती. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको.

1967 मध्ये अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर चुकून रॉकेट सुटलं, इंधन पेटलं, आणि जुने बॉम्ब मिनिट-दीड मिनिटात तापून फुटू लागले. 134 जण गेले. असे अपघात पाहूनच जगभर कसोट्या ठरल्या: माल आगीत ठेवायचा, मंद आचेवर तासन्‌तास तापवायचा, त्यावर गोळी झाडायची, शेजारी दुसरा गोळा फोडायचा. जळाला तर चालेल, फुटता कामा नये. डेपोसाठी शेवटची कसोटी सगळ्यांत मोलाची, कारण एकामुळे दुसरा फुटत गेला की गावं रिकामी करावी लागतात. अमेरिकेनं 2010 मध्ये तोफगोळ्यांसाठी टीएनटीच्या जागी आयएमएक्स-101 हे मिश्रण मंजूर केलं. आपल्याकडं पुण्याच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत अशा स्फोटकांवर काम चालतं.

यवतमाळची मास्तरीण: पोराला टीएटीबी या स्फोटकाबद्दल वाचायला सांगा. त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी जोडलेले सपाट थर करतात. ठोसा बसला की थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सरकतात, जोर एका जागी साचत नाही. पण ते महाग आहे, आणि एचएमएक्स या जोरदार स्फोटकाइतकी ताकद त्यात नाही.

देवळीकडचा: मग आधीचा साठलेला माल?

निवृत्त, भरण विभाग: त्याला यातलं काहीच लागू नाही. तो निकामीच करावा लागतो, आणि ते काम जोखमीचंच राहणार. एक गोष्ट मात्र गावात नक्की सांगा. मुख्य स्फोटक कितीही थंड असलं तरी फ्यूजमधला, म्हणजे गोळा पेटवणाऱ्या भागातला, स्फोटकाचा कण नाजूकच लागतो, नाहीतर गोळा पेटणारच नाही. त्यातून या नव्या मालाला पेटवायला मोठा धक्का लागतो, तो कमी पडला तर गोळा अर्धवट फुटून पडून राहतो. गोळाबाराच्या सरावाच्या रेंजवर भंगार वेचायला जाणाऱ्या पोरांना हात धरून थांबवा, भाऊ. पितळेच्या भावापायी जीव जातो.